तांब्याच्या भावाने आवाज विकू नका

इंदापूर, बारामती, अकलूज, टेंभुर्णी या पट्ट्यात ज्यांच्या घरी पूर्वी लाउडस्पीकरचा धंदा होता, ज्यांच्या गावच्या देवस्थानाला जुनी कोठी आहे, ज्यांच्या आजोबांनी तमाशाचा फड किंवा तंबूतला सिनेमा चालवला, त्या सगळ्यांना ही विनंती आहे. माळ्यावर, धान्याच्या कणगीमागं, मंडपाच्या बांबूंखाली एखादी जड लोखंडी पेटी पडलेली असेल. पुढच्या बाजूला फिरवायची चार-पाच बटणं, मागं किंवा वर जाळी, जाळीच्या आत काचेचे वॉल्व्ह, आणि एकट्या माणसाला उचलताना दम लागावा असं वजन. ती पेटी भंगारवाल्याला देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईत देऊ नका, घर बांधायला काढलंय म्हणून देऊ नका, आणि ‘चालत नाही’ म्हणून तर मुळीच देऊ नका.

भंगारात गेल्यावर त्या पेटीचं काय होतं ते एकदा उभं राहून बघावं. वॉल्व्ह तिथंच फुटतात, कारण काचेला भाव नाही. चेसिसचा पत्रा लोखंडात जातो. हवे असतात ते आतले दोन ट्रान्सफॉर्मर. छिन्नीनं त्यांच्या पट्ट्या सुट्या करून तांब्याची तार उपसली की व्यवहार संपला. त्यातला एक ट्रान्सफॉर्मर विजेचा आणि दुसरा आवाजाचा. या दुसऱ्याला मिस्त्री लोक ‘आउटपुट’ म्हणतात, आणि सगळ्या यंत्रातला तोच सर्वांत मोलाचा भाग. वॉल्व्हकडून येणारा आवाज जास्त व्होल्टेजचा आणि अगदी थोड्या करंटचा असतो. स्पीकरला उलटं हवं असतं, थोडं व्होल्टेज आणि भरपूर करंट. ही अदलाबदल आउटपुट करतो. त्याच्या आत प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक गुंडाळलेले असतात, आणि ते कसे गुंडाळले यावर वरचे सूर मोकळे येणार की कोंडणार हे ठरतं. वॉल्व्ह आजही बनतात. स्लोव्हाकियात, चीनमध्ये, रशियात त्यांचे कारखाने चालू आहेत. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. पण तसा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आज नव्यानं गुंडाळून घ्यायचा म्हटलं तर कारागीर शोधत फिरावं लागतं. म्हणजे जे सहज मिळतं ते आपण फेकतो, आणि जे सहज मिळत नाही ते वितळवतो.

जुन्याच्या ओढीपोटी नुसतं जपून ठेवा असं माझं म्हणणं नाही. माळ्यावर जपून ठेवलेली वस्तू पुढची पिढी हमखास विकते. या पेट्यांना आज काम आहे, आणि ते काम दिलं तरच त्या वाचतील. त्यांचा गिटार अँप्लिफायर करता येतो, उत्तम करता येतो. जगभर लोकांनी तो केलेला आहे.

अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत घराघरांत विजेवरचे ऑर्गन आले. आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीसारखा भाता त्यांना नव्हता. त्यांचा सूर विजेनं तयार व्हायचा आणि वॉल्व्हच्या अँप्लिफायरमधून स्पीकरला जायचा. पुढं ते ऑर्गन लोकांना नकोसे झाले, रस्त्याकडेला टाकले जाऊ लागले. तेव्हा हौशी मेकॅनिकांनी आणि गिटार वाजवणाऱ्यांनी त्यांच्या पोटातले अँप्लिफायर काढून घेतले, चार-दोन भाग बदलले आणि त्यावर गिटार लावली. आज ही एक रुळलेली कारागिरी आहे. आपल्याकडे तसे ऑर्गन फार नव्हते हे खरं. मुंबईतले सिनेमाचे वादक, मुंबई-गोव्यातली काही चर्च, हॉटेलांत वाजवणारे बँड, एवढाच त्यांचा पसारा. पण जो अँप्लिफायर ऑर्गनच्या पोटात होता, त्याचाच सख्खा भाऊ आपल्याकडे कर्ण्यांना जोडलेला होता. तो आपल्या गावोगाव पोचला होता, आणि आता तोच संपत चाललाय.

आपल्या भागात तो का पोचला हे नरसिंहपुरात उभं राहिलं की कळतं. पुणे जिल्ह्याचं हे आग्नेयेकडचं टोक. नीरा आणि भीमा इथं मिळतात, नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. लक्ष्मीनृसिंह हे कितीतरी घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळं लांबलांबून माणसं येतात, आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंतीचा उत्सव भरतो. तिकडे आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर करत सराटीला येते आणि नीरा ओलांडून अकलूजकडे जाते. दसऱ्यापासून तमाशाचे फड बाहेर पडतात, चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा लागतात. अकलूजच्या लावणी स्पर्धेचं नाव तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. उघड्या माळावर हजारो माणसांपर्यंत कीर्तनकाराचा शब्द किंवा शाहिराची ललकारी पोचवायची म्हणजे मोठा आवाज हवा, आणि १९५०-६० च्या काळात मोठा आवाज म्हणजे वॉल्व्हच. पॉवर ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन खेडोपाडी यायला अजून अवकाश होता. जिथं वीज नव्हती तिथं मोटारीची बॅटरी लावून, व्हायब्रेटर नावाच्या किर्र आवाज करणाऱ्या भागावर हेच वॉल्व्ह चालवत. दिल्लीची आहुजा कंपनी १९४० पासून या धंद्यात आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून वॉल्व्ह देशातच बनवायला घेतले. म्हणजे त्या पेटीत आपल्याच देशातल्या कामगारांच्या हातचे वॉल्व्ह असण्याची चांगली शक्यता आहे, आणि असे वॉल्व्ह आता परदेशातले शौकीन शोधून शोधून विकत घेतात.

तंबूतल्या सिनेमाचंही तेच. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. तंबू, ट्रक, गंजलेला प्रोजेक्टर आणि तो दुरुस्त करणारा कारागीर, हे सगळं जगानं पाहिलं. प्रोजेक्टरकडे निदान कॅमेरा वळला. त्या प्रोजेक्टरशेजारी बसून संवाद आणि गाणी शेवटच्या रांगेपर्यंत नेणाऱ्या पेटीकडे कुणी पाहिलेलं नाही.

आता ज्या गाण्याशिवाय आमच्याकडची वरात पुरी होत नाही त्याची गोष्ट. बँडवाल्यानं नागीणची धून धरली की अजूनही कुणीतरी तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळतो. ‘नागिन’ हा सिनेमा १९५४ चा, संगीत हेमंतकुमारांचं. पुंगीचा तो आवाज पुंगीचा नव्हताच. कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढं कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी, यांनी तो क्लॅव्हिओलिनवर वाजवला आणि रवी यांनी हार्मोनियमची साथ केली. कच्छी किराणा दुकानदाराचा हा मुलगा वाढला गिरगावात, मराठी आणि गुजराती शेजारात. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिननं १९४७ साली तयार केलेलं वाद्य. तीन सप्तकांची छोटी पट्टी, एका वेळी एकच सूर, आणि शेजारी सूटकेससारखी दुसरी पेटी. त्या दुसऱ्या पेटीत वॉल्व्हचा अँप्लिफायर आणि स्पीकर. म्हणजे नागीणची जी धून आपण सगळे ओळखतो तिचा जन्म वॉल्व्हमध्ये आहे, आणि ती ज्या प्रकारच्या पेटीतून बाहेर आली त्याच प्रकारच्या पेट्यांचे आज परदेशात गिटार अँप्लिफायर केले जातात.

त्याच सुमाराला इंग्लंडात टॉम जेनिंग्ज नावाचा गृहस्थ डार्टफर्ड गावी ऑर्गनचा धंदा करत होता. क्लॅव्हिओलिनसारखंच ‘युनिव्हॉक्स’ नावाचं वाद्य त्यानं काढलं. मुंबईत जन्मलेले व्ही. बलसारा ते वाजवण्यासाठी नावाजलेले होते. ऑर्गनसाठी अँप्लिफायर बनवता बनवता या जेनिंग्जच्या कंपनीनं डिक डेनी या गिटार वाजवणाऱ्या कारागिराला हाताशी धरलं आणि १९५८ मध्ये व्हॉक्स एसी-१५ हा गिटार अँप्लिफायर बाजारात आणला. त्याचा मोठा भाऊ एसी-३० पुढं बीटल्सनी वापरला. गिटारच्या आवाजाला लावतात तो स्प्रिंगचा घुमारासुद्धा ऑर्गनवाल्यांकडून आलेला. हॅमंड कंपनीनं तो आपल्या ऑर्गनसाठी तयार केला होता, फेंडरनं त्यांच्याकडून घेऊन गिटारला दिला. आणि हा लिओ फेंडर तरी मूळचा कोण? कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ मध्ये त्यानं दुकान टाकलं. लोकांचे रेडिओ आणि सभांचे लाउडस्पीकर दुरुस्त करता करता तो गिटारच्या अँप्लिफायरकडे वळला. आपल्या बाजारपेठेत स्टुलावर बसून सोल्डरिंग करणाऱ्या काकांच्या आणि फेंडरच्या हातात सारखंच कसब होतं. फरक पडला तो मागणीचा. त्याच्या गावात गिटार वाजवणारे होते, ते दारात येऊन उभे राहिले.

म्हणून सभेच्या किंवा ऑर्गनच्या अँप्लिफायरचा गिटार अँप्लिफायर करणं ही मोडतोड आहे असं कुणाला वाटत असेल तर ते मनातून काढावं. ही सगळी एकाच घरची भावंडं आहेत.

आता प्रत्यक्ष काम. ते सविस्तर सांगतो, कारण ‘आता याचं काही होत नाही’ या एका वाक्यानं जितक्या पेट्या संपल्या तितक्या आगीत किंवा पुरातही संपल्या नसतील.

ऑर्गनच्या अँप्लिफायरला आतून येणारा सूर आधीच बऱ्यापैकी जोरकस असतो, त्यामुळं त्याच्या सुरुवातीला आवाज वाढवण्याच्या पायऱ्या कमी असतात. गिटारच्या पिकअपमधून येतो तो व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासचा नाजूक आवाज. तेव्हा पुढं एक पायरी वाढवावी लागते. त्यासाठी जगभर ईसीसी ८३ हा वॉल्व्ह वापरतात, यालाच १२एएक्स७ असंही म्हणतात. एका काचेत दोन वॉल्व्ह, आणि प्रत्येक जण आवाज पन्नास-साठ पट वाढवतो. प्लेटला १ लाख ओहमचा रेझिस्टन्स, कॅथोडला दीड हजार ओहमचा आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ग्रिडपासून अर्थला १० लाख ओहम, आणि जॅकपासून ग्रिडपर्यंत ६८ हजार ओहम. इतकंच. हे आकडे फेंडरच्या काळापासून चालत आलेत आणि आजही चालतात. नव्या वॉल्व्हला वीज कुठून द्यायची हा प्रश्न ऑर्गनच्या पेटीत बहुधा येत नाही. सूर तयार करणाऱ्या भागालाही हाच ट्रान्सफॉर्मर वीज पुरवायचा. तो भाग काढला की तेवढी ताकद शिल्लक राहते.

सभेच्या अँप्लिफायरमध्ये तर काम आणखी सोपं. जुन्या काळी क्रिस्टल माइक चालत. त्या माइकला फार मोठ्या रेझिस्टन्सची इनपुट लागायची, आणि गिटारलाही नेमकी तशीच लागते. ज्या पेटीवर क्रिस्टल माइकची जागा आहे तिचं निम्मं काम झालेलंच आहे. फक्त गिटारच्या पिनेचा जॅक बसवायचा. नंतरच्या पेट्यांत माइकसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो बाजूला ठेवून सरळ ग्रिडवर यावं, नाहीतर गिटारचे वरचे सूर तिथंच मरतात. मग सूर राखण्याचं सर्किट. सभेची पेटी माणसाच्या बोलण्यासाठी आणि ऑर्गनची पेटी स्वच्छ, सपाट आवाजासाठी बांधलेली असते. गिटारला खर्ज, मधला आणि तार वेगवेगळा वाढवता-घटवता यावा लागतो, म्हणून तीन बटणांचं साधं सर्किट घालतात. आउटपुटकडून मागं आणलेला फीडबॅक थोडा कमी केला की आवाज मोकळा होतो, बोटांच्या दाबाला ओ देऊ लागतो.

कर्ण्यावर मात्र गिटार वाजवू नये. कर्णा बोलण्याचे मधले सूर लांब फेकण्यासाठी असतो, त्यात गिटारचा खालचा भरीवपणा येतच नाही. कागदी कोनचा दहा किंवा बारा इंची स्पीकर लाकडी खोक्यात बसवावा. मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम आणि लांबच्या कर्ण्यांसाठी १०० व्होल्ट लाइन असे खिळे असतात. ८ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्याच खिळ्यावर लावायचा. आणि वॉल्व्हची पेटी स्पीकर न जोडता कधीही चालू करायची नाही. ट्रान्झिस्टरची सवय असलेले इथं फसतात. स्पीकर नसेल तर आउटपुटमध्ये इतकं व्होल्टेज उसळतं की आतलं इन्सुलेशन फाटतं, आणि जी गोष्ट वाचवायची तीच जाते.

वर्षानुवर्षं बंद पडलेली पेटी माळ्यावरून काढून सरळ प्लगमध्ये घालणं हा तिला मारण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. मोठे कंडेन्सर आतून सुकलेले असतात, ते शॉर्ट होतात आणि ट्रान्सफॉर्मर सोबत घेऊन जातात. वॉल्व्ह ते वॉल्व्ह जोडणारे मेणकागदाचे कंडेन्सर गळके होतात. पुढच्या वॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो पॉझिटिव्ह दाब येतो, वॉल्व्हची प्लेट लालबुंद होते आणि थोड्या वेळात आउटपुट जळतो. म्हणून आधी हे दोन्ही प्रकारचे कंडेन्सर बदलायचे. जुने कार्बनचे रेझिस्टन्स मोजायचे, त्यांचे ओहम वयानं वाढत जातात. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची घालायची आणि चेसिस पक्कं अर्थ करायचं, कारण गिटारच्या तारांवर वाजवणाऱ्याचे उघडे हात असतात. काही पेट्यांत विजेच्या वायरीपासून चेसिसला जोडलेला एक छोटा कंडेन्सर असतो, तो कापून टाकायचा. पहिल्यांदा वीज देताना साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा जुना बल्ब सिरीजमध्ये ठेवायचा. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. ढणढणीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. हिटरचं व्होल्टेज ६.३ च्या आसपास आहे ना हे मोजायचं.

आणि जिवाची काळजी. या पेटीत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये टिकून राहतात आणि माणूस मारू शकतात. १० हजार ओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टन्स लावून कंडेन्सर उतरवायचे, मल्टिमीटरनं खात्री करायची, मगच हात घालायचा, तोही एकच; दुसरा हात पाठीमागं. ज्यानं वॉल्व्हचं काम कधी केलेलं नाही त्यानं जाणत्या मिस्त्रीला शेजारी बसवल्याशिवाय झाकण उघडू नये. मुलांनी व्हिडिओ पाहून हे करायला जाऊ नये, ही विनंती मी हात जोडून करतो.

हे सगळं कुणासाठी? बारामती, अकलूज, इंदापूरच्या कॉलेजांत गिटार शिकणारी मुलं आहेत. वॉल्व्हचा विलायती अँप्लिफायर त्यांच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून ती छोट्या ट्रान्झिस्टरच्या डब्यावर वाजवतात आणि गाण्यात ऐकलेला आवाज आपल्या हातून का निघत नाही म्हणून खट्टू होतात. तो आवाज बोटांइतकाच पेटीतूनही येतो. ट्रान्झिस्टर मर्यादेबाहेर गेला की आवाजाचं टोक कापतो, म्हणून तो कर्कश फाटतो. वॉल्व्ह मर्यादेजवळ येता येता टोक गोलावत नेतो. जोरात छेडलं की क्षणभर वीजपुरवठाही थोडा दबतो आणि सावकाश वर येतो, त्यानं सुराला श्वास आल्यासारखं होतं. एका लहानशा हॉलला ईएल ८४ वॉल्व्हच्या जोडीचे दहा-पंधरा वॅट भरपूर झाले. ईएल ३४ ची जोडी असेल तर पस्तीस-चाळीस वॅट सहज, म्हणजे पूर्ण बँडसोबत वाजवता येईल.

आणि फक्त गिटारवाल्यांचाच विचार का करावा? आमच्याकडच्या बेंजो पार्ट्या बुलबुलतरंगाला पिकअप लावून वाजवतात. तो पिकअप आणि गिटारचा पिकअप यांत तत्त्वतः काही फरक नाही. नागीणची धून बेंजोवर, वॉल्व्हच्या पेटीतून आणि कागदी कोनच्या स्पीकरवर ऐकून पाहा. हजारो वॅटच्या स्पीकरच्या भिंतींनी आमच्या मिरवणुकांचं जे केलंय ते सगळे जाणतात. छातीत धडधड होते, गाणं कुठलं ते कळत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी घालणारे नियम २००० सालचे आहेत. पंधरा वॅटची चांगली पेटी अंगणातल्या कार्यक्रमाला पुरते.

सगळ्याच पेट्यांना हात घालावा असं मात्र नाही. यात मी ठाम आहे. मूळ पट्टीसह क्लॅव्हिओलिन किंवा युनिव्हॉक्स कुठं सापडलं, किंवा चालू होण्याजोगा वॉल्व्हचा ऑर्गन मिळाला, तर त्याचा अँप्लिफायर काढू नका. वाद्य आणि त्याची पेटी एकत्रच राहिली पाहिजे, आणि घरात सांभाळणं होत नसेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी विचारावं. तिथं वाद्यांचा मोठा संग्रह आहे. ज्या पेटीवर फडाचं, टॉकीजचं किंवा देवस्थानाचं नाव रंगवलेलं आहे ती आतून दुरुस्त करा, पण बाहेरून घासू-रंगवू नका. बदल करायचे ते असे करावेत की पुढं कुणाला वाटलं तर परत मूळ रूपात आणता येईल. चेसिसला नवी भोकं पाडू नयेत, जुन्याच भोकांत जॅक बसतो. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवावा आणि काय बदललं याचा कागद आत चिकटवावा. रूपांतर करायचं ते ज्यांचं मूळ काम कायमचं गेलं आहे त्यांचं: वाद्यापासून तुटलेल्या पेट्या, कर्ण्यांशिवाय उरलेले अँप्लिफायर, पडदा आणि प्रोजेक्टर विकून झाल्यावर मागं राहिलेली यंत्रं.

हे काम करू शकणारे हात या भागात आहेत, याची जाणीवच आपल्याला नाही. उसाचा पट्टा आहे हा. विहिरीच्या, नदीच्या मोटारी जळतात, आणि त्या पुन्हा गुंडाळून देणारी रिवाइंडिंगची दुकानं बाजाराच्या गावी हमखास असतात. वेढे मोजणं, तारेचा गेज ओळखणं, इन्सुलेशन पेपर घालणं, वार्निश देऊन भाजणं हे त्यांचं रोजचं काम. विजेचा जळालेला ट्रान्सफॉर्मर ते आजही करून देऊ शकतात. आउटपुटच्या थरांची मांडणी त्यांना एकदा समजावून सांगितली तर तोही करतील. उणीव आहे ती वॉल्व्ह जाणणाऱ्या माणसांची. ज्यांनी वॉल्व्हचे रेडिओ हातानं दुरुस्त केले ते मिस्त्री आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आवाज ऐकून कुठला कंडेन्सर गेलाय ते सांगणारे हे लोक आहेत. पेन्सिलीनं वॉल्व्हवर टिचकी मारून तो वाजतो की गप्प राहतो यावरून त्याची पारख करणारे आहेत. यांतलं बरंचसं कुठल्याही पुस्तकात नाही. पेट्या वाचल्या आणि ही माणसं गेली तर पेट्या पुन्हा माळ्यावरच जातील.

तेव्हा बारामती आणि इंदापूरच्या आयटीआयला, विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला माझं सांगणं आहे: तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना प्रकल्प म्हणून एक जुनी पेटी द्या. सर्किट कागदावर उतरवणं, दोष शोधणं, भाग बदलणं, मोजमाप घेणं, सुरक्षिततेचे नियम पाळणं हे सगळं त्या एका कामात येतं. गावातल्या जुन्या मिस्त्रींना सन्मानानं बोलवा, मानधन द्या, आणि ते बोलत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. देवस्थानांच्या विश्वस्तांनो, वर्षातून एकदा कोठी आवरली जाते तेव्हा नको असलेल्या सामानाच्या यादीवर सही करण्याआधी अशी पेटी त्यात आहे का ते बघा. फडमालक आणि मंडपवाले मंडळींनो, तुमच्या गोदामात आमच्या अर्ध्या तालुक्याचा इतिहास पडलेला आहे. भंगारवाल्यापेक्षा थोडे जास्त पैसे देणारा गिटारवाला तुमच्याच कॉलेजात सापडेल. आणि गिटार वाजवणाऱ्या मुलांनो, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर टाका, त्याहीआधी आपल्या आजोळी, आत्याकडे, मामाच्या गावी विचारा. पेटी मिळाली की वॉल्व्हवरची अक्षरं पुसू नका, ओल्या फडक्यानं तर नाहीच, कारण ती छाप हाताच्या घासण्यानंही जाते आणि मग वॉल्व्ह कुठला ते ओळखणं अवघड होतं. चारी बाजूंनी फोटो काढा, मागच्या पट्टीवरची नावं लिहून घ्या, वजन सांभाळून दोघांनी उचला.

दसरा जवळ आला की घरं आवरायला निघतात आणि भंगारच्या गाड्या गल्लीत फिरू लागतात. त्याच्या आधीचा एक रविवार या कामाला द्या. माळ्यावर चढा, पेटी खाली आणा, मऊ कुंचल्यानं धूळ झटका, आणि ज्या मिस्त्रीकाकांनी पूर्वी गावचे रेडिओ दुरुस्त केले त्यांच्याकडे ती घेऊन जा. प्लग मात्र तोवर लावू नका.